तेरड्याची पावलं

“हिची पावलां खंय गेली गो?”

दुर्गाबाईंनी तेरड्याची जुडी उलटी धरली होती. देठ खालून साफ कापलेले. अनुजाने सकाळी दादरच्या फुलबाजारातून निवडून आणलेली जुडी. फुलवाल्याला तिनेच सांगितलं होतं, मुळं छाटून द्या, घरात चिखल नको.

“अगो, मुळं म्हणजेच गौरीची पावलं. तुमच्या सोलापुरात असतील मुखवटे नि साड्या. आमची गौर ह्या मुळांनी चालत येते. माहेरवाशिणीचे पाय तोडून आणलेस?”

अनुजाचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंनी सूप उचललं, हळदकुंकू घेतलं आणि मागचं दार उघडलं.

परळच्या टेकडीला पाठ टेकून उभी असलेली चाळ. त्यातली यांची खोली अगदी कडेची. दारामागेच उतार, आणि तो गुलाबी-जांभळ्या तेरड्याने गच्च भरलेला. गेल्या वर्षी अख्ख्या चाळीने गौरीसाठी तो मुळांसकट उपटून नेला होता. विसर्जनाच्या दिवशी पाऊस कोसळला आणि उघडी पडलेली माती ह्याच दारातून आत शिरली. थेट अनुजाच्या तान्ह्या मनूच्या गादीपर्यंत. मनू तेव्हा नुकता मान धरायला लागला होता. अनुजाने त्याला झडप घालून उचललं, तेव्हा झबल्याची एक बाही लाल चिखलाने जड झाली होती. ती बाही तिला अजून स्वप्नात दिसते.

म्हणून यंदा तिने घरोघर जाऊन हात जोडले. उतारावरचा तेरडा राहू द्या, मुळांनी माती धरलीय. बायका हसल्या, पण ऐकलं. फक्त स्वतःच्या घरात सांगायचा धीर झाला नाही. बाजारातून जुडी आणली की झालं, असं वाटलं होतं तिला.

“आई, नको ना. प्लीज.”

“एक उपटल्यान काय डोंगर कोसळतलो? रीत मोडूची नाय मी.”

पाऊस लागलेलाच होता. उतारावरून पाणी येत होतं, पण नितळ. दुर्गाबाई वाकल्या, एक भरघोस रोप धरलं, ओढलं. ते सहजी येईना. जोर केला तसं मूठभर माती घट्ट कवटाळूनच वर आलं.

जागा रिकामी झाली आणि तिथून एक लाल ओघळ निघाला. बारीकसा. वळणं घेत तो उंबऱ्याशी आला.

आतून दुडदुडत मनू उंबऱ्यापाशी पोचला, खाली वाकला आणि त्याने त्या लाल पाण्यात बोट बुडवलं.

दुर्गाबाई बघत राहिल्या. मग त्यांनी रोप होतं तिथे परत ठेवलं, भोवती माती लोटली आणि मनूला निजवताना थोपटतात तसं तळव्याने थोपटत राहिल्या. ओघळ थांबला. रोपाला त्यांनी हळदकुंकू वाहिलं.

उंबऱ्यात पाय धुवायला पाणी घेऊन अनुजा उभी होती. रीतीप्रमाणे तिने विचारलं.

“गौर आली? कशाच्या पावली?”

दुर्गाबाईंनी रिकामं सूप तिच्या हातात दिलं आणि मनूला कडेवर घेतलं.

“आत येवची नाय ती. पाय रोवून उभी आसा, ह्याच्या उशाशी.”