बाटलीवरची ओल्वी

भिंतीवर तिच्या मुलीचं नाव झळकत होतं, आणि नावाखाली होती संडास धुवायच्या औषधाची बाटली.

ओलवी. निळी अक्षरं, प्रत्येकावर पाण्याचे थेंब. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली त्याला आठवडाही झाला नव्हता. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी मुलीचं नाव विचारलं होतं, दोनदा म्हणायला लावलं होतं आणि तोंडातला घास न गिळताच "झकास" म्हणाले होते. तिला ते कौतुक वाटलं होतं. साहेब माप घेत होते.

या कचेरीत मालाची नावं तयार होत. साबण, बिस्किटं, डासांच्या वड्या. नाव आधी पाडायचं आणि अर्थ मागाहून चिकटवायचा, ही इथली रीत. नाव साहेब पाडत, अर्थ ती चिकटवे. कुठल्या तरी मेलेल्या भाषेतलं मूळ काढून दाखवलं की गिऱ्हाईक खूश. मुलीच्या नावाचा अर्थ साहेबांनी विचारला नव्हता तो म्हणूनच. अर्थ काय, हवा तेव्हा तयार होतो.

पण या नावाला अर्थ होता. डोंगरापलीकडच्या मोजक्या खेड्यांत तिच्या आजीची भाषा बोलत. तिथे घरातलं शेवटचं भांडंभर पाणी कुणी पीत नसे. उशिरा येणाऱ्या वाटसरूसाठी ते झाकून ठेवत. त्या राखलेल्या पाण्याला ओल्वी म्हणत. सगळ्या दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर, नातलगांनी विचारायचंही सोडून दिल्यावर तिला मुलगी झाली, तेव्हा दुसरं नाव डोक्यात आलंच नाही. त्या भाषेला लिपी नव्हती. ल आणि व जोडून लिहायचं हे तिनंच ठरवलं. साहेबांनी ते जोडाक्षर फोडलं होतं, बाटलीच्या गोलाईवर बरं दिसावं म्हणून.

तिनं साहेबांच्या कानाशी जाऊन हे माझ्या तान्हीचं नाव आहे, काढा म्हटलं. साहेब हसले. नाव काय झिजतंय का, म्हणाले, उलट घरोघरी पोचेल. घरोघरी पोचेल हेच तर तिला नको होतं. शाळेत हजेरी सुरू झाली की पोरं नाक धरणार. पोर मोठी होईल, लग्नाची होईल, तरी लोकांना आधी बाटलीच आठवणार.

समोरच, दोन हातांवर, औषधाचा कारखानदार खुर्चीभर पसरला होता. त्यानं औषध पेल्यात ओतून एकेकाला हुंगायला लावलं होतं, आणि तो गोडूस, घशाला धरणारा दर्प खोलीभर साचला होता. स्वतःच्याच नावाच्या कार्डानं तो दात कोरत होता, निघालेलं निरखत होता आणि पुन्हा कोरत होता. संडासावरचे विनोद स्वतःच सांगून स्वतःच हसत होता. असल्या तोंडात आपल्या पोरीचं नाव घोळणार, या विचारानं तिला शिसारी आली. असल्या माणसाला ते काढून देणाऱ्या साहेबांची तर त्याहून जास्त.

"नाव पसंत आहे," कारखानदार म्हणाला. "अर्थ काय?"

साहेबांनी तिच्याकडे हात केला. खरा अर्थ सांगितला असता तर सगळंच संपलं असतं. राखून ठेवलेलं पाणी, गिऱ्हाइकाला आणखी काय हवं?

"गुरांच्या जखमेत वळवळतात ना, ते किडे," ती म्हणाली. "डोंगरापलीकडे त्यांना ओल्वी म्हणतात."

बाटलीचं चित्र काढणाऱ्या चित्रकारानं हातातला पेला दूर सरकवला. साहेब काहीतरी बोलायला गेले आणि अडकले. हे हिच्याच पोरीचं नाव आहे म्हणावं, तर ते आपण उचललं हे उघड होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कारखानदाराचं दात कोरणं थांबलं. त्यानं तिच्याकडे नको तितका वेळ पाहिलं. डोंगरापलीकडे म्हणजे नदीच्या अंगाची खेडी का, असं विचारलं. तिनं मान डोलावली. याला ठाऊक असेल तर नावही गेलं आणि नोकरीही.

"बरोबर आहे," तो साहेबांना म्हणाला. "मीही ऐकलाय हा शब्द. जेवताना काढला की आई धपाटा घालायची. पुसा ते. आणि हे नाव पुन्हा कुठल्याही मालावर दिसलं, तर मी तुमची पायरी चढणार नाही."

ती थक्क झाली. आत्ताच जन्मलेल्या अर्थासाठी याच्या आईनं धपाटा कसा घातला? मग तिला उलगडा झाला, आणि किळस दुप्पट झाली. आपल्यालाही सगळं कळतं हे मिरवायला हा माणूस स्वतःच्या आईलाही खोट्यात ओढत होता. नाव वाचलं, पण ते असल्या बढाईखोराच्या जिवावर.

बैठक मोडली. साहेबांनी तिच्याकडे न पाहता गिऱ्हाइकाला जिन्यापर्यंत सोडून यायला सांगितलं. ती त्याच्यापासून हातभर अंतर राखूनच चालली. जिन्याशी तो थांबला. मागे कुणी नाही असं पाहून त्यानं कार्ड खिशात टाकलं, हात रुमालाला पुसले आणि आवाज खाली आणला.

"आमच्याकडे उशिरा झालेल्या मुलीचंच नाव ओल्वी ठेवतात," तो म्हणाला. "किती महिन्यांची झाली तुमची?"