सोमारीबाईंची झाडे

ग्रामसभेच्या कार्यालयासाठी उर्वशीने नवे सॉफ्टवेअर निवडले, ते एका गुणावर भाळून. लिहिलेले ते आपोआप जतन करी. कुणाला काही विचारत नसे.

गावातल्या वयोवृद्ध सोमारीबाईंच्या तोंडून ऐकलेली दोनशे झाडांची गोंडी नावे तिने त्यातच उतरवली. पुढे बाई गेल्या. आज छपाईसाठी फाइल उघडली, तर आत हातपंपाच्या दुरुस्तीचा अर्ज. मागचे काही केल्या परत येईना.

"मी तं नेहमीसारखंच केलो, ताई," म्हातारे कारकून वारलूभाऊ पुटपुटले. "नीट समास असलेला कागद उघडला, पुसला, अर्ज लिहून प्रिंट काढली. पहिलेचं बंद करताना विचारत होतं, बदल ठेवू का म्हणून. मी नाई म्हटलं का जुनं जसंच्या तसं. हे तं विचारतच नाई."

निवडताना उर्वशीनेही त्यांना विचारले नव्हते.