बशीतलं लेबल

आनंदआप्पांच्या चहा-पत्तीच्या गोदामात सुलक्षणाला एकच काम होतं. पत्तीत मिसळायच्या रंगाच्या डब्यांवरची 'विषारी. खाण्यात वापरू नये' ही लेबलं खरवडून काढायची. तीन वर्षं तो रंग लागून तिच्या तळहातांची सालं निघाली, तेव्हा आप्पांनी "असले हात बघून गिऱ्हाईक पळंल" म्हणत तिला कामावरून काढलं. पत्ती मात्र रांजणगावच्या कंपन्यांपुढच्या टपऱ्यांवर जातच राहिली.

यंदा आप्पा सरपंचपदाला उभे राहिले आणि हात जोडून तिच्याच दारात आले. मागं त्याच कंपन्यांत शिफ्ट करणारी गावची तीस-चाळीस पोरं होती. मत मागायला आलेला माणूस कुणाच्या घरचा चहा नाकारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"घ्या आप्पा. तुमच्याच गोदामातली पत्ती हाय," म्हणत तिनं कपबशी पुढं केली.

आप्पांनी हसत कप उचलला. खाली बशीला तिनं जपून ठेवलेलं एक लेबल चिकटवलेलं होतं. आप्पांचा हात ओठापाशीच थांबला. कप तसाच बशीत ठेवत ते पुटपुटले, "नको ताई, सकाळपासून पित्त झालंय."

सुलक्षणानं तो चहा सगळ्यांदेखत एका दमात संपवला आणि रिकामी बशी पोरांपुढं धरून म्हणाली,



"ही पत्ती किराणा दुकानातली व्हती. आप्पांची पत्ती तुम्ही पिताय, रोज, शिफ्टला जाताना."