बुक्क्यानंतरचा प्रश्न

मुक्ताने चौथा प्रश्न पुन्हा खोडला.

'येत्या चातुर्मासात कीर्तनाबाबत काही बदल हवा आहे का?' असा तो होता. सरळ, कोणाच्याच बाजूला न झुकणारा. कॉलेजात ती मुलांना असेच प्रश्न लिहायला शिकवायची. उत्तर प्रश्नातच घालून ठेवू नका, ती सांगे. मग ते विचारणं राहत नाही, वदवून घेणं होतं.

खोडलेल्या ओळीखाली तिने लिहिलं, 'अण्णांनी आयुष्यभर जपलेली कीर्तनाची परंपरा अशीच चालू राहावी, असे आपल्याला वाटते ना?' पुढे दोन चौकोन. होय. नाही.

वाचून तिची तिलाच लाज वाटली. पण तिने ते तसंच छापायला दिलं.

काम परागने सोपवलं होतं. पराग म्हणजे माधव नगरच्या मराठी मंडळाचा सचिव. बँकेतला, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, श्रोते कमी होत चाललेत. अण्णांचंच कीर्तन ठेवायचं की इंदूरहून कोणी तरुण कीर्तनकार बोलवायचा, हे एकदा लोकांना विचारून घेऊ. सर्व्हे कसा करायचा ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यातल्या.

"ये आयडिया किसका है?" मुक्ताने इथल्या सवयीने हिंदीतच विचारलं होतं.

"आहे कोणाचा तरी. नाव राहू द्या," पराग म्हणाला. "मात्र सांगायचं ते श्रोत्यांनीच, मुक्ताताई. मंडळाने सांगून नाही चालायचं."

किती साळसूद, तिला वाटलं. म्हाताऱ्या माणसाला उतरवायचं, वर हात स्वच्छ.

मुक्ता लहानपणी आईच्या मांडीवर झोपायची ती अण्णांच्या झांजेच्या नादात. तिचे वडील गेले त्या वर्षी अण्णांनी ध्रुवाचं आख्यान लावलं. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराला देवाने कुठे नेऊन बसवलं, ते गाताना त्यांनी तिच्यावरची नजर काढली नव्हती. त्या दिवसापासून देव आहे याबद्दल तिला शंका आली नाही.

दरवर्षी पूर्वरंगात ते सांगत, की गुरूंनी माझ्याकडून शब्द घेतलाय. नारदांची गादी आपण होऊन सोडायची नाही. श्रोते पुरे म्हणतील तेव्हाच उतरायचं. हे सांगून ते हसत, लोकही हसत. अण्णांना पुरे कोण म्हणणार?

आता पराग म्हणवून घ्यायला निघाला होता.

निनावी कागद, बंद पेटी, किंवा मोबाइलवर घरबसल्या उत्तरं. यातलं काहीही योग्य ठरलं असतं. मुक्ताने ते टाळलं. म्हाताऱ्या श्रोत्यांना मोबाइल जमत नाही, असं कारण तिने मंडळाला दिलं आणि समोरासमोरची पद्धत धरली. कीर्तन संपल्यावर, मंदिरातच. आरती झालेली, कपाळी बुक्का, आणि दाराशी प्रसाद वाटत स्वतः अण्णा. त्या कपाळाने 'नाही' कोण लिहील?

त्याआधी ती नानाखेड्याला अण्णांच्या घरी जाऊन आली. ते गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसले होते. सर्व्हेचं त्यांच्या कानावर आलेलंच होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "लोकांना मोकळेपणी लिहिता येईल ना गं? भीड नको कोणाची. माझी तर बिलकुल नको."

केवढं मोठं मन, असं वाटून मुक्ता म्हणाली, "सगळं ठीक होईल, अण्णा."

"बघ बाई," ते म्हणाले. "आता तुझ्याच हातात."

त्या संध्याकाळी सुदाम्याचं आख्यान होतं. गाता गाता अण्णा मध्येच शेजारच्या खांबाला हात टेकवत. थकलेला सुदामा द्वारकेच्या दाराशी टेकला, असं लोकांना वाटलं, आणि कितीतरी पदर डोळ्यांना लागले.

आरतीनंतर मुक्ताने कागद वाटले. पहिल्या रांगेतल्या अलकाकाकू चौथ्या प्रश्नावर थांबल्या. चष्मा वर करून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "हे आम्हाला काय विचारतेस? विचारायचं तर त्यांना..."

तेवढ्यात अण्णा प्रसादाचं ताट घेऊन जवळ आले. काकूंनी बोलणं तिथेच तोडलं आणि 'होय'वर खूण केली. अण्णांची नजर त्या पेनावरच होती. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मुक्ता मनाशी म्हणाली, घाबरलेत बिचारे. अजून थोडा धीर धरा.

सगळ्यांनी 'होय' लिहिलं. परागने कागद चाळले, 'बरं' म्हणाला, आणि येत्या चातुर्मासासाठी अण्णांचंच नाव फळ्यावर लिहिलं. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. हरलेला माणूस असाच वागतो, असं तिने स्वतःला समजावलं.

तरी जिंकल्यासारखं काही वाटेना. वर्गात प्रश्नावलीचा धडा आला तेव्हा तिने मुलांना वाचत बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली. देवापुढे हात जोडले, की ते दोन चौकोन दिसत. शेवटी एका रविवारी ती पुन्हा नानाखेड्याला गेली.

अण्णा तसेच बसले होते, पाय पाण्यात. ती खालीच जमिनीवर बसली आणि एका दमात सांगून टाकलं. प्रश्न वाकडा होता. जागा, वेळ, सगळं तिने मुद्दाम निवडलं होतं. 'नाही' म्हणायला तिने कोणाला वावच ठेवला नव्हता.

"तुमची गादी जाऊ नये म्हणून केलं, अण्णा. परागने तर ठरवलंच होतं."

अण्णा रागावले नाहीत. पाणी निवलं होतं. त्यांनी खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"परागला बोल लावू नकोस, पोरी," ते म्हणाले. "लोकांना एकदा विचारून घे म्हणून मीच त्याच्या हातापाया पडलो होतो."