लाडवातलं वाघनख

कस्टम्सच्या बाईंनी डिंकाचा आणखी एक लाडू फोडला आणि त्यातून सोन्यात मढवलेलं वाघनख निघालं. बाईंनी ते कागदी रुमालाने पुसलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाल्या, "टायगर."

टेबलापलीकडे बसलेल्या सरलाताईंना एवढा एक शब्द कळला. "हो, हो, टायगर," त्या कौतुकाने म्हणाल्या. "नातवासाठी."

सरलाताई पुण्याहून नातवाच्या बारशाला आल्या होत्या. बाळंतिणीसाठी लाडू, बाळासाठी वाघनख. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांचं मराठी कुणाला कळेना, म्हणून बाहेर फुलं घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला, हृषिकेशला, आत बोलावलं होतं. त्याच्याबरोबर त्याची सात वर्षांची मुलगी कुहू होती. कुहूला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. आजी फोनवर विचारायची, "काय जेवलीस गं?" आणि कुहू जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक सांगायची. दोघींचं त्यावर छान चालायचं.

"वाघाची नखं अशी आणायला बंदी आहे," बाई हृषिकेशला जर्मनमध्ये म्हणाल्या. "आणि हे तर लपवून आणलंय. विचारा त्यांना, लाडवात का घातलं? कुणाच्या सांगण्यावरून?"

हृषिकेशच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या महिन्यात त्याला जर्मन पासपोर्ट मिळायचा होता. त्यासाठी तो इतकी वर्षं असा वागला होता, की रस्ता रिकामा असला तरी सिग्नलमधला हिरवा माणूस दिसेपर्यंत फूटपाथवरून पाय उचलायचा नाही.

"आई, विचारतायत, वाघनख लाडवात का घातलंस?"

"का म्हणजे? तूच नाही का सांगितलंस फोनवर? आई, माझं वाघनख आण, बाळाच्या गळ्यात माझंच घालायचं. मी म्हटलं, विमानात चालतं का रे असलं काही? तर म्हणालास, लाडवात वळून टाक, कुणाला कळणार नाही." बोलता बोलता त्यांनी दोनदा त्याच्या छातीकडे बोट केलं. "सांग की त्यांना, आमच्या सासऱ्यांच्या वेळचं आहे म्हणावं. आम्ही कुठे वाघ मारायला गेलो होतो? सगळं खरं सांगून टाक, म्हणजे सोडतील."

हृषिकेशने घसा खाकरला आणि जर्मनमध्ये सांगितलं, "तिला कायदा माहीत होता. तिने स्वतःच्याच मनाने लपवलं. आम्हाला घरी कुणालाच कल्पना नव्हती."

त्याचं जर्मन फार स्वच्छ होतं. ऑफिसात सगळे त्याची तारीफ करायचे.

कुहूने मान वर करून बाबाकडे पाहिलं.

"त्या बराच वेळ बोलल्या," बाई म्हणाल्या. "आणि बोट तुमच्याकडे दाखवत होत्या."

"आल्झो... म्हणजे, म्हातारं माणूस आहे. घाबरलीय."

बाईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग त्या कुहूसमोर उकिडव्या बसल्या. "तुला कळलं असेल ना? आजी काय म्हणाली, सांगशील मला?"

हृषिकेशचा हात कुहूच्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला. कायम खरं बोलायचं, हे कुहूला याच माणसाने शिकवलं होतं. तिने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"मला मराठी येत नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"काय म्हणतेय रे माझी चिमणी?" सरलाताईंनी विचारलं.

"तू आलीस म्हणून खूश आहे म्हणते."

सरलाताईंचा चेहरा असा काही फुलला, की बघणाऱ्याला शरम वाटावी. हृषिकेश भिंतीकडे बघत होता.

बाई उठल्या. स्वतःहून लपवून आणलंय म्हटल्यावर आता प्रकरण सीमा पोलिसांकडे जाईल, त्यांनी सांगितलं. व्हिसा बहुतेक रद्द होईल आणि आजच्याच विमानाने परत पाठवतील. लाडूही ठेवून घ्यावे लागतील, त्यात तूप आहे आणि दुधातुपाचं काही बाहेरून आणता येत नाही. तुम्हाला मान्य आहे?

बाळाला एकदा तरी बघू द्या, एवढं त्याला म्हणता आलं असतं. बाळ अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं.

"गेनाऊ," हृषिकेश म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. मग आईकडे वळला. "आई, यांच्याबरोबर जरा आत जाऊन ये. एक सही करायचीय फक्त."

"मग घरी ना? बाळ जागं असेल ना रे?"

"हो."

सरलाताईंनी पर्स काखेत मारली आणि दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या. वरच्या पिशवीतून बाळासाठी शिवलेलं टोपडं घसरलं आणि कुहूच्या बुटांमागे जाऊन पडलं.

"कुहू, टोपडं पडलं बघ तुझ्यामागे. दे गं बाळा उचलून."

कुहूचे गुडघे जरासे वाकले. दारातून बाई तिच्याकडेच बघत होत्या. कुहू सरळ उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

सरलाताईंनी क्षणभर वाट पाहिली. मग पिशव्या खाली ठेवल्या, टेबलाचा आधार घेऊन वाकल्या, टोपडं उचललं आणि त्याच्यावरची धूळ फुंकली.

"हृषी, घरी मराठी बोलत जा रे हिच्याशी," त्या म्हणाल्या आणि बाईंच्या मागोमाग आत गेल्या.