ओळखीचा ओरखडा

"ही चाकं नकोत," नरेंद्र चाकाच्या आतला मापाचा आकडा वाचून म्हणाला. "बोटभर बाहेर येतील. शाकेनमध्ये अडकाल."

टोकियोतल्या त्या जुन्या चाकांच्या दुकानदाराचा चेहरा पडला. शाकेन म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावलं की नापास. होसोदा-सान मात्र खूश झाले. "अस्सं, अस्सं," म्हणत त्यांनी मान डोलावली. नरेंद्र काहीही बोलला तरी ते असंच म्हणायचे.

नरेंद्रनं हळूच श्वास सोडला. वर्षभर रेटलेली थाप आजही पचली होती. त्याच्याकडे गाडी नव्हती. लायसन्सही नव्हतं. पुण्यात पीएमटी आणि टोकियोच्या ओजिमात सायकल, यावर त्याचं उत्तम चाललं होतं.

सगळा घोळ गुणवंतचा. पुण्यातल्या एजन्सीत बसून हा गृहस्थ इंजिनिअरांचे बायोडेटा टोकियोला धाडायचा. छंदाच्या रकान्यात नरेंद्रनं 'वाचन' लिहिलं होतं. गुणवंतनं ते खोडून 'मोटारगाड्या' केलं.

"वाचन काय, सगळेच लिहितात हो," तो म्हणाला होता. "जपान्यांना गाड्या आवडतात."

आणि नेम बरोबर लागला. टोकियोच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी नरेंद्रनं पाहिलं, होसोदा-सानांच्या टेबलावर चाकांचं जाडजूड मासिक! होसोदा-सान म्हणजे क्लायंटकडचे विभागप्रमुख. नरेंद्रचं कंत्राट दर सहा महिन्यांनी वाढायचं ते त्यांच्या शिक्क्यानं. आधीचे दोन भारतीय इंजिनिअर पहिल्या सहा महिन्यांतच परत गेले होते. का, ते कुणी सांगत नव्हतं.

"गाड्या आवडतात ना?" होसोदा-सानांनी विचारलं.

"जीव की प्राण," नरेंद्रनं ठोकून दिलं.

मग अभ्यासाला लागणं आलंच. कंत्राट गेलं असतं तर लेकीची, ईश्वरीची, तिसरी अर्धवट सुटली असती, आणि पुण्याच्या ऑफिसात बिनकामाचं बसायची पाळी आली असती. तो घरी येताना कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, शिरायचा, उभ्या उभ्या मासिकं वाचायचा आणि बाहेर येऊन वहीत उतरवायचा. त्सुराइची: चाक मडगार्डशी एका रेषेत. ओनिक्यान: चाकं राक्षसासारखी तिरकी झुकवलेली. तेच्चिन: कारखान्यातून येणारं साधं लोखंडी चाक, शौकिनांनी नाक मुरडायचं. गारीकिझु: फुटपाथला घासून पडलेला ओरखडा.

"कॉलेजात एवढा अभ्यास केला असतास तर मेडल मिळालं असतं," बायको, सुप्रभा, पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

"बाबा, चिगाऊ!" ईश्वरी ओरडायची. चिगाऊ म्हणजे चूक. लेक उच्चार सुधारून द्यायची आणि बाप पुन्हा घोकायचा.

होसोदा-सान पक्के शौकीन होते, यात शंका नव्हती. टॅक्सीत ते डोळे घट्ट मिटून बसत. खऱ्या दर्दी माणसाला दुसऱ्याचं ड्रायव्हिंग बघवत नसणार, नरेंद्रनं ताडलं. दुकानात ते नेहमी ट्रेननं येत. गाडीचा विषय निघाला की "साधीच आहे, पांढरी," एवढंच बोलत. नरेंद्रला तो विनय वाटे. शिवाय जास्त विचारायची सोय नव्हती. उलट प्रश्न आला असता तर पंचाईत!

"आज तुम्हीच निवडा, नरेंद्र-सान," होसोदा-सान म्हणाले.

नरेंद्र रांगेतून फिरला. कोपऱ्यात दहा काड्यांची, चंदेरी, जुनीच पण देखणी चार चाकं होती. त्यानं एकेकाच्या कडेवरून बोट फिरवलं. चौथ्यावर ते अडखळलं.

"गारीकिझु," तो म्हणाला. नखाएवढा ओरखडा होता. दुकानदारानं कमरेत वाकून माफी मागितली.

"असू दे," होसोदा-सान म्हणाले. "ओळखीची खूण राहील. ही बसवली की अगदी... त्सु-रा-इ-ची, नाही का?"

"अगदी त्सुराइची!"

सोमवारी शिक्का उमटला. सहा महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं! नरेंद्र ओजिमाच्या स्टेशनापासून घरापर्यंत सायकल हाणत आला आणि जिन्यातूनच ओरडला. सुप्रभानं शिरा केला. ईश्वरी गादीवर नाचली. इतका आनंद त्या दोन खोल्यांत आल्यापासून झाला नव्हता.

रविवारी होसोदा-सानांनी नवराबायकोला घरी चहाला बोलावलं. वाटेत नरेंद्रनं मनाशी ठरवलं. सहा महिन्यांची थाप वेगळी. तीन वर्षं ती रेटायची आणि त्या भल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा, हे त्याला जमणार नव्हतं.

"आज खरं सांगून टाकतो," तो म्हणाला.

"सांग," सुप्रभानं चिवड्याचा डबा सावरला. "मोकळा हो एकदाचा."

दारात गाडी दिसली नाही. शाकेनला गेली असेल, नरेंद्रनं मनात म्हटलं. होसोदाबाईंनी वाकून स्वागत केलं, आत बसवलं, चहा आणला. होसोदा-सान समोर मांडी घालून बसले होते, कान लाल झालेले.

"होसोदा-सान, मला एक कबूल करायचंय," नरेंद्रनं सुरुवात केली.

तेवढ्यात बाईंनी पेले ठेवले. मधलं ठेंगणं टेबल गोल होतं, वर जाड काच. काचेखाली दहा चंदेरी काड्या होत्या, आणि कडेला नखाएवढा ओरखडा. नरेंद्रची नजर गॅलरीकडे गेली. उरलेली तीन चाकं तिथे आडवी मांडली होती, त्यांत शेवंतीच्या कुंड्या बसवलेल्या.

"छान टेबल झालं ना?" बाई हसल्या. "नाहीतर आमच्याकडे गाडी कुठली! ह्यांना तर टॅक्सीतसुद्धा मळमळतं."

होसोदा-सानांनी मान खाली घातली.

"आधीचे दोघे एकटे पडले आणि सोडून गेले, नरेंद्र-सान," ते म्हणाले. "मग तुमच्या बायोडेटात 'मोटारगाड्या' वाचलं, आणि त्याच संध्याकाळी मी ते मासिक विकत आणलं."