सुरक्षित असाल तर एक दाबा

आसारामनं थेट साहेबाच्या शर्टालाच हात घातला. मागं ओढ्याकाठी दगडाबाईचं एकटं घर गाळात उभं होतं. म्हातारीची माती उरकून माणसं नुकतीच परतली होती.

“माझी आई पत्र्यावर बसून हाका मारत हुती, समद्या वस्तीनं बघितलं, साहेब! बोट समोरून गेली, पन इकडं वळली न्हाई. का?”

पुरात बोटींचं काम बघणारा अजिनाथसाहेब तरुण माणूस. अवकाळी पावसानं पूर आल्यापासून त्याच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यानं हात झटकला नाही.

“दादा, वस्त्या ढीगभर आणि बोटी दोन. आधी कुठं जायचं ते आता एआय ठरवतं. तेच घरोघर फोन करून विचारतं. जे अडकलेत त्यांच्याकडं बोट आधी.”

“मग माझ्या आईला का न्हाई इचारलं त्यानं?”

आसारामची बायको चांगुणा तोंडात पदर कोंबून रडत होती. दिवाळी झाली तशी दोघं ऊसतोडीला काष्टीकडं गेली होती. निघताना आसारामचा मोबाईल बंद पडला, तर म्हातारीनं स्वतःचाच त्याच्या खिशात कोंबला. “तुमी लांब चाललात. मला मेलीला कोन करतंय फोन?” अशी ती माय! स्वतःचं म्हणून काही ठेवायचीच नाही.

आभाळ पुन्हा भरून आलं. थेंब पडायला लागले तसे वस्तीवरचे फोन एकामागून एक वाजू लागले. आसारामच्याही खिशात वाजला. त्यानं सवयीनं कानाला लावला.

“नमस्कार, दगडाबाई. पुन्हा पुराचा धोका आहे. आपण सुरक्षित असाल तर एक दाबा. अडकला असाल तर दोन दाबा.”

हाच तो गोड आवाज. परवा उसाच्या मोळ्या भरताना आला होता. ‘दगडाबाई’ ऐकून त्याला हसूच फुटलं होतं.

“कोनाचा फोन?” चांगुणेनं विचारलं होतं.

“मशीन हाय. बरे हाव का म्हनतंय.”

बरेच तर होते दोघं. त्यानं एक दाबला आणि पुढची मोळी उचलली. एवढंच. एवढ्यावर म्हातारी गेली.

आसारामचं बटणावरचं बोट काही केल्या हलेना. फोन जरा वेळ थांबला, मग तितक्याच मायेनं म्हणाला,

“दगडाबाई, आपले उत्तर मिळाले नाही. आपण अडकला आहात असे समजून बोट आपल्या घराकडे निघाली आहे.”